कंसातले अधिक

नाती हा विषय आपल्याकडे कोणी कॉलेजात जाऊन शिकत नाही. तो लग्नाच्या पंगतीत, बारशाच्या पाळण्याशेजारी आणि वाटणीच्या बैठकीत आपोआप शिकायचा असतो. आणि त्या परीक्षेत जो नापास होतो त्याला ऑक्टोबरात पुन्हा बसण्याची सोय नसते. मी मात्र तो विषय रीतसर कॉलेजात शिकले. वही घालून, प्रात्यक्षिके करून, तोंडी परीक्षेला उभी राहून शिकले. फरक एवढाच, की आमच्या वेळापत्रकात त्याचे नाव 'रिलेशनल डेटाबेस मॅनेजमेंट' असे छापलेले असे, आणि तो शिकण्यासाठी चपला बाहेर काढून ठेवाव्या लागत.

ही गोष्ट १९९८ सालची, साताऱ्याची. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने साताऱ्याला येत असे. अजिंक्यताऱ्यावरचे धुके विरायच्या आत कॉलेज भरे. संगणकाची प्रयोगशाळा म्हणजे त्या इमारतीतला गाभारा. धूळ आत जाऊ नये म्हणून दाराशी चपलांचा ढीग पडे, आत थंडगार हवा असे, आणि एका यंत्रापुढे दोघी-दोघी अशा आम्ही दाटीवाटीने बसत असू. एकीने सांगायचे, दुसरीने टंकायचे. पहिल्या वर्षी आम्ही तक्ता आखायला शिकलो होतो. दुसऱ्या वर्षी तक्ते एकमेकांना जोडायला शिकायचे होते. विषय अवघड व्हायला लागतो तो इथे. माणसांचेही तसेच आहे, एकटा माणूस समजायला फारसा कठीण नसतो.

आईला मी विषयाचे नाव मराठीत करून सांगितले, "माहितीच्या नात्यांची व्यवस्था." ती भाकरी थापता थापता म्हणाली, "नात्यांची व्यवस्था कॉलेजात शिकवतात? मग तुझ्या काकाचंही नाव घाल की!"

आमच्या सरांनी पहिल्याच तासाला असली भाषांतरे मोडीत काढली. 'रिलेशन' हा गणितातला शब्द आहे, ते म्हणाले. दोन तक्त्यांमधल्या दुव्याला रिलेशन म्हणत नाहीत, खुद्द तक्त्यालाच म्हणतात. तो ओळींचा एक संच असतो. त्या ओळींना क्रम नाही. वरची ओळ थोरली आणि खालची धाकटी, असला भेद नाही. तीच ओळ दोनदा यायची नाही. आणि एका चौकटीत एकच गोष्ट लिहायची. हे ऐकून माझ्या मनात आले, अशी पंगत आमच्या गावात आजवर एकदाही बसलेली नाही.

ही कल्पना ज्याला सुचली त्या माणसाची हकीकत सरांनी मोठ्या प्रेमाने सांगितली. एडगर कॉड हे मूळचे इंग्लंडचे. ऑक्सफर्डला गणित शिकलेले, दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेले. पुढे ते अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत काम करू लागले, आणि १९७० च्या जूनमध्ये त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वीही यंत्रात माहिती साठवत असतच. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या अपोलो योजनेत अग्निबाणाच्या असंख्य सुट्या भागांची जंत्री ठेवण्यासाठी आय.बी.एम.ने जी व्यवस्था उभारली होती, ती झाडासारखी होती: खोड, खोडाला फांदी, फांदीला डहाळी. पान हवे असेल तर कोणत्या फांदीवरून जायचे हे आधी ठाऊक असावे लागे. कॉड म्हणाले, असे नको. विचारणाऱ्याने 'काय हवे' तेवढे सांगावे. ते 'कुठे आणि कसे ठेवले आहे' याची विवंचना यंत्राने करावी.

यातली थोरवी आम्हांला चटकन कळावी म्हणून सरांनी पुण्याच्या पेशवे दफ्तराचा दाखला दिला. तिथले मोडी कागद रुमालात बांधून ठेवलेले आहेत. कोणता कागद कोणत्या रुमालात, हे बांधणाऱ्याला ठाऊक. तो गेला की कागद असून नसल्यासारखे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्या दफ्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादून छापले, तेव्हा कुठे सामान्य अभ्यासकाला आत डोकावता आले. "कॉडने काय केलं," सर म्हणाले, "तर सगळे रुमाल सोडले आणि सांगितलं, आता कुणालाही काहीही विचारू द्या."

कुणालाही काहीही विचारू द्या! साताऱ्यासारख्या राजधानीच्या गावात हे वाक्य मला फारच धीट वाटले.

त्या वर्षी मी 'कमवा आणि शिका' योजनेत कॉलेजच्या कचेरीत रोज दोन तास काम करीत असे. ही योजना म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या मातीत रुजवलेले रोप. १९१९ साली काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. श्रम करून शिकण्यात कमीपणा नाही, हे या जिल्ह्याला त्यांनी पटवून दिले. माझे श्रम फार जड नव्हते. मला रजिस्टरे लिहावी लागत. प्रवेशाचे एक, शिष्यवृत्तीचे एक, ग्रंथालयाचे एक, वसतिगृहाचे एक. एकाच मुलाचा पत्ता चार ठिकाणी. एखाद्याच्या वडिलांची बदली झाली, की पत्ता एका रजिस्टरात बदले आणि तीन ठिकाणी तसाच राही. मग शिष्यवृत्तीचे पत्र जुन्या गावी जाऊन परत येई. सकाळच्या तासाला सर फळ्यावर जे दोष लिहीत, ते दुपारी माझ्यापुढे टेबलावर उघडे पडलेले असत.

दुसरा एक दोष याहून गमतीचा. विषयांची वेगळी यादीच नव्हती. कोणत्या मुलाने कोणता विषय घेतला, या नोंदीतच विषयाचे अस्तित्व. एका वर्षी अर्धमागधी घेणारा एकच विद्यार्थी होता. तो कॉलेज सोडून गेला, त्याची ओळ खोडली, आणि तिच्याबरोबर अर्धमागधीही रजिस्टरातून नाहीशी झाली! विषय आहे, शिकवणारे प्राध्यापक आहेत, कपाटात पुस्तके आहेत. पण कागदावर काहीच नाही. तक्ते तोडून नीट लावण्याची जी पद्धत कॉड यांनी घालून दिली, तिला 'नॉर्मलायझेशन' म्हणतात. आमच्या जाडजूड पुस्तकात तिच्यावर एक सबंध प्रकरण होते. त्या पुस्तकाच्या तीन लेखकांपैकी एक, प्राध्यापक सुदर्शन, हे मुंबईला पवईच्या आय.आय.टी.तले, एवढ्या मोठ्या ग्रंथावर आपल्याकडच्या माणसाचे नाव पाहून आम्हांला उगीचच ऊर भरून आल्यासारखे वाटे. प्रकरणातली सूत्रे बाजूला ठेवली तर सार एवढेच, की ज्या गोष्टीचे अस्तित्व स्वतंत्र आहे तिला स्वतंत्र जागा द्यावी. दुसऱ्याच्या ओळीच्या आधाराने तिला जगायला लावू नये.

हे वाक्य मी वहीत लिहून घेतले तेव्हा मला अर्धमागधी आठवत होती. आत्या आठवायला अजून दोन महिने होते.

मग आली 'की', म्हणजे किल्ली. तक्त्यातली प्रत्येक ओळ जिच्यामुळे ओळखता येते अशी एखादी खूण. आम्ही भाबडेपणाने म्हटले, "नाव." सर हसले. वर्गात दोन संतोष होतेच. "आणि मुलींनो," ते म्हणाले, "तुमच्यापैकी कितीजणींचं आजचं नाव दहा वर्षांनी राहणार आहे? माणसाच्या आयुष्यात जे बदलतं ते किल्ली म्हणून घ्यायचं नसतं." वर्गात हशा पिकला. मला हसू आले नाही असे नाही. पण घरी जाताना एस.टी.च्या खिडकीशी मी माझ्या आत्याचा विचार करू लागले. तिचे माहेरचे नाव नदीचे होते, सासरचे देवीचे. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांत नवऱ्याने अंगठीने नवे नाव लिहिले, आणि एका बाईच्या दोन ओळी झाल्या. शाळेच्या दाखल्यावर एक, मतदारयादीत दुसरी. या दोघी एकच, हे सांगणारा दुवा म्हणजे गावातल्या चार म्हाताऱ्यांची आठवण.

सहामाहीनंतर प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या विषयावर तक्ते आखायचे होते. कोणी किराणा दुकान घेतले, कोणी दूध डेअरी, कोणी ऊस घालणाऱ्यांची कारखान्याची नोंद. मी सातबारा घेतला. शेतकऱ्याच्या घरात जी दोन-चार छापील पाने देव्हाऱ्याखालोखाल जपली जातात, त्यांत तो पहिला.

काम सुरू केले आणि मी थक्क झाले. आपल्या महसूल खात्याने गावच्या जमिनीचे कागद किती कसोशीने वेगळे केलेले आहेत! गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, कोणाचा तिच्यावर काय हक्क. गाव नमुना बारा म्हणजे तीत पीक काय. दोन्ही एकाच कागदावर म्हणून 'सातबारा'. आठ-अ म्हणजे एका खातेदाराची गावात असलेली सगळी जमीन एकत्र. आणि सहा नंबर म्हणजे फेरफार: खरेदी, वारस, वाटणी, जो काही बदल होईल त्याची क्रमवार नोंद. सातबाऱ्यावर नावाशेजारी जे आकडे वर्तुळात दिसतात ते याच फेरफारांचे. म्हणजे एका तक्त्यातल्या ओळीने दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीकडे बोट दाखवलेले! कॉड यांच्या निबंधाच्या कितीतरी आधीपासून आमचे तलाठी काखेत दप्तर मारून हेच करीत आले होते. तलाठ्याला आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणतात. बोट दाखवण्याची रीत तीच आहे.

'ट्रान्झॅक्शन' नावाचे प्रकरण वर्गात कित्येकांना जड गेले. मला ते गावच्या चावडीनेच समजावून दिले. नियम असा, की एखादा व्यवहार पुरा व्हावा, नाहीतर मुळीच झालेला नसावा. अर्धा होऊन मध्येच लोंबकळता कामा नये. बँकेत एकाच्या खात्यातून पैसे निघाले आणि दुसऱ्याच्या खात्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर निघालेले पैसे परत पहिल्याच्या खात्यात दिसले पाहिजेत. फेरफाराचे असेच असते. तलाठी नोंद धरतो, ज्यांचा संबंध त्यांना नोटीस जाते, हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. हाती लिहिलेल्या सातबाऱ्यांच्या काळात तोवर ही नोंद उताऱ्यावर पेन्सिलीने लिहीत. मंडळ अधिकाऱ्यांनी ती प्रमाणित केली की मग शाई. नामंजूर झाली तर खोडरबर. मी तोंडी परीक्षेत 'कमिट' म्हणजे काय याचे उत्तर 'पेन्सिलीची शाई होणे' असे दिले, तेव्हा बाहेरून आलेले परीक्षक क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी स्वतःच ते वाक्य मराठीत टिपून घेतले.

या कागदांची आणखी एक रीत आहे. ज्याचा हक्क संपला त्याचे नाव सातबाऱ्यावरून खोडून टाकीत नाहीत. त्याला कंस करतात. 'त्याच्या नावाला कंस झाला' असे गावात म्हणतात, आणि त्या बोलण्यात कधी सुटकेचा, कधी सुतकाचा सूर असतो. माझे आजोबा १९९६ साली गेले. वारसनोंद झाली तेव्हा त्यांच्या नावाला कंस पडला, खाली माझ्या वडिलांचे, आप्पांचे, नाव चढले, त्याखाली काकांचे. आत्या या दोघांची थोरली बहीण. तिचे नाव शेजारच्या 'इतर हक्क' या रकान्यात गेले. तिथे तिच्या सोबतीला सोसायटीच्या कर्जाचा बोजा आणि विहिरीच्या पाण्याची पाळी. यात कोणाची लबाडी नव्हती. आजूबाजूच्या कितीतरी घरांतून बहिणींची नावे अशीच त्या रकान्यात बसलेली होती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या हिश्शात मुलीलाही मुलाच्या बरोबरीचा वारस मानले आहे. पण कायदा पुस्तकात राहतो, आणि रकाने गावात आखले जातात.

मी तीन तक्ते केले. एक माणसांचा, एक जमिनीच्या गटांचा, आणि मधला तिसरा हिश्शांचा. कारण एका माणसाचे अनेक गट असतात आणि एका गटाचे अनेक मालक, तेव्हा दोहोंना जोडायला मधला तक्ता लागतोच. मग प्रश्न टंकला: आमच्या घरातली माणसे आणि प्रत्येकाच्या नावे किती क्षेत्र, ते दाखव. पडद्यावर दोन नावे आली. आप्पा आणि काका.

यंत्राचे काही चुकले नव्हते. दोन तक्ते जोडताना साधा जोड असा असतो, की दोन्हीकडे जे जुळते तेवढेच दिसते. ज्याला जोडीदार ओळ मिळाली नाही तो नुसता गळतो. आणि गळला असे कोणी सांगतही नाही. माणसांच्या तक्त्यात आत्या होती. हिश्शांच्या तक्त्यात तिची ओळ नव्हती. म्हणून ती उत्तरात नव्हती.

सरांनी तेव्हा आम्हांला दुसरा जोड शिकवला. त्याला बाहेरचा जोड म्हणतात. जे जुळत नाही तेही दाखव, आणि जिथे जोडीदार नाही तिथे रिकामी जागा ठेव, असे त्याला सांगायचे असते. आज हे दोन शब्दांत लिहिता येते. पण त्या काळच्या ओरॅकलमध्ये त्याची खूण निराळी होती. ज्या बाजूची ओळ नसण्याचा संभव आहे, त्या बाजूच्या रकान्यापुढे कंस करून त्यात अधिकचे चिन्ह घालायचे. बस्स, एवढेच. मी कंस केला, आत अधिक घातले आणि पुन्हा विचारले. पडद्यावर तीन नावे आली. आप्पा, काका, आणि सर्वांत वर आत्या, कारण यादी मी वयाने लावायला सांगितली होती. तिच्या नावापुढे काहीच नव्हते.

सातबाऱ्यावर कंस झाला की माणूस जातो. इथे कंस केल्याने एक माणूस परत आले होते.

त्या रिकाम्या जागेला संगणकात 'नल' म्हणतात, आणि ती मोठी विलक्षण चीज आहे. नल म्हणजे शून्य नव्हे. 'हिस्सा शून्य' असे म्हणणे हे एक ज्ञान आहे. नल म्हणजे ते ज्ञान नसणे. मी गंमत म्हणून विचारले, दहा गुंठ्यांहून अधिक हिस्सा कोणाचा? आत्या आली नाही. बरे, मग दहा गुंठ्यांहून अधिक हिस्सा नाही असे कोण? त्यातही आत्या आली नाही! होकारात नाही आणि नकारातही नाही. जे माहीतच नाही त्याची तुलना कशाशीही केली तरी उत्तर 'माहीत नाही' हेच येते, आणि यंत्र त्या ओळीला कुठल्याच यादीत घेत नाही. पुढे मी वाचले, की कॉड यांनाही या रिकाम्या जागेने स्वस्थ बसू दिले नव्हते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी रिकाम्या जागेचे दोन प्रकार मानले: एक, जिथे ती गोष्ट लागूच नाही, दुसरा, जिथे लागू आहे पण नोंदलेली नाही. ब्रह्मचाऱ्याच्या बायकोचे नाव हा पहिला प्रकार. माझ्या आत्याचा हिस्सा कोणता?

त्या वर्षीची भाऊबीज मी विसरणार नाही. आत्या सकाळीच आली होती. ओवाळणे झाले, साडी झाली, फराळाची ताटे पुढे आली. काकांना विहिरीपासून वरच्या रानापर्यंत पाइप टाकायचे होते, त्यासाठी कर्ज हवे होते, आणि कर्जासाठी उतारा मोकळा हवा होता. म्हणून त्यांनी वकिलाकडून हक्कसोडपत्राचा मसुदा करून आणला होता. माझे काका वाईट माणूस नव्हेत. आत्याच्या दुखण्यात तिला पाठीशी बसवून मोटारसायकलवरून साताऱ्याच्या दवाखान्यात नेणारे तेच. त्यांना मनापासून वाटे, की बहिणीने सही करायची आणि भावाने जन्मभर तिचे करायचे, हीच रीत. आप्पांनाही बहुधा तसेच वाटत असावे. ते चकलीचा तुकडा हातात धरून गप्प होते.

गटांचे आकडे आप्पांकडून तपासून घ्यावेत म्हणून मी प्रयोगशाळेतला छापील कागद घरी आणला होता. दोन्ही कडांना भोके असलेला, लांबच लांब. तो खुंटीवरच्या पिशवीतून डोकावत होता. आत्याने तो ओढून घेतला. चौथी शिकलेली ती, पण अक्षरओळख जपलेली. बोट ठेवीत तिने स्वतःचे नाव वाचले.

"हे काय गं पोरी?"

"कॉलेजातलं काम आहे, आत्या. आपल्या घरातली माणसं, आणि कुणाच्या नावे किती रान आहे ते."

"मग माज्याफुडं काईच न्हाई ते?"

"तिथं रिकामं आहे."

"रिकामं म्हंजी? न्हाई असं?"

"नाही असं नव्हे," मी म्हटले, "ठाऊक नाही असं."

आत्या हसली. "ठाऊक न्हाई कसं? मला ठाऊक हाय. ह्या दोगांनाबी ठाऊक हाय. मग त्या यंत्रालाच तेवढं का ठाऊक न्हाई?"

कोणी बोलेना. तिने कागदाची घडी घातली, आणि काकांकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "धाकट्या, व्हय म्हण न्हाईतर न्हाई म्हण. पर भनीला रिकामी ठिवू नगंस."

मसुदा त्या दिवशी काकांच्या खिशात परत गेला. घरात भांडण झाले नाही. भांडण परवडले असते, अशी शांतता मात्र आठ-दहा दिवस होती. मग आप्पाच एकदा आत्याच्या गावी जाऊन आले. तिने बरोबरीचा तिसरा हिस्सा मागितला नाही. ओढ्याकडचे वीस गुंठे आपल्या नावे लावा, म्हणाली, बाकीचे तुमचे. कायद्याने तिला अधिक मिळाले असते, हे मी तिला सांगितले. तिने ते नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, "मला ठाऊक हाय. पर आता मी सोडतीया ते माजं म्हणून सोडतीया." यावर मला उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही.

१९९९ च्या उन्हाळ्यात तिघांनी मिळून कागद केले, फेरफार धरला गेला, नोटिशीचे पंधरा दिवस गेले, आणि पेन्सिलीची शाई झाली. 'इतर हक्क' या रकान्यातल्या तिच्या नावाला कंस पडला, कारण ते डावीकडे खातेदारांत गेले होते. तलाठ्यांनी नाव कोणते लिहू असे विचारले, तेव्हा तिने दोन्ही सांगितली: सासरचे आधी, आणि 'पूर्वाश्रमीचे' म्हणून नदीचे. काकांचे कर्ज अडले नाही. तिघांच्या सह्या झाल्या आणि पाइप पडले.

एका घरातल्या कागदावरून जगाचा निवाडा करू नये, हे मला समजते. रकाने बदलायला पुष्कळ माणसांनी पुष्कळ कष्ट घेतले आहेत. १९९० च्या आसपास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करून द्यायला लावले. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये देशाने कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या शेजारी आणून बसवले. २०१८ पासून सातबारा अंकीय सहीसह घरबसल्या काढता येऊ लागला. आणि २०२४ मध्ये सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहायचे, असे राज्याने ठरवले. तक्त्यात एक रकाना वाढवणे ही आमच्या विषयातली दोन मिनिटांची आज्ञा आहे. समाजाला ती टंकायला पिढ्या लागतात.

मी आता सांगलीला असते आणि कॉलेजात हाच विषय शिकवते. आमच्या मुलामुलींना चपला बाहेर काढाव्या लागत नाहीत, आणि कंसातले अधिक त्यांनी पाहिलेलेही नाही. त्यांचा जोड सरळ शब्दांत लिहिला जातो. परवा एका हुशार मुलाने विचारले, "मॅडम, जे जुळतच नाही ते दाखवायचं कशाला? उगीच यादी लांबते." प्रश्न अगदी रास्त होता. मी त्याला म्हटले, यादी कशासाठी हवी आहे ते आधी ठरव. बक्षीस मिळालेल्यांची हवी असेल तर साधा जोड पुरे. पण कोणाला मिळायचे राहिले हे पाहायचे असेल, तर साध्या जोडात ते कधीच दिसायचे नाही. गळलेली ओळ स्वतः येऊन सांगत नसते. तिची आठवण प्रश्न विचारणाऱ्याला असावी लागते. त्याने मान डोलावली. कितपत पटले, ते परीक्षेत कळेल.

आप्पा २०१४ साली गेले. त्यांच्या नावाला कंस झाला आणि खाली आईचे, माझ्या भावाचे आणि माझे नाव लागले. तिघांचीही एकाच रकान्यात, आणि कोणी कोणाला काही न विचारता. भावाने अर्ज लिहून मला वाचायला पाठवला, त्यात माझे माहेरचे नाव आणि सासरचे नाव, दोन्ही होती. आत्याचा फेरफार नमुना म्हणून त्याने समोर ठेवला होता, एवढेच तो म्हणाला.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. ओढ्याकडची वीस गुंठे माझा चुलतभाऊ, म्हणजे काकांचा मुलगा, निमपटीने करतो. पावसाळ्यात तिथे वाघ्या घेवडा घेतात. लालसर दाण्यावर वाघाच्या अंगावर असाव्यात तशा रेघा. आमच्या कोरेगाव भागातल्या या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आत्याने मला फोन करून विचारले होते, "म्हंजी त्याचं बी नाव लागलं म्हण की?" दसऱ्याच्या सुमारास मळणी होते आणि दिवाळीच्या आधी सांगलीला पिशवी येते. यंदाची कालच आली. दोन पायल्या असतील. भाऊबीजेला भाऊ येईल तेव्हा त्याची उसळ करायची आहे; आज रात्री भिजत घालायची आठवण ठेवली पाहिजे.